हसवणारे मूकपट गडाच्या पायथ्यालाही दिसू द्या

मा. व्यवस्थापकीय संचालक,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे
यांस,

दादासाहेब फाळके यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ लोकांपुढे आणला, तेव्हा त्याच्या जोडीला एक छोटा विनोदी मूकपटही दाखवला होता. त्याचं नाव ‘पिठाचे पंजे’. ही १९१३-१४ ची गोष्ट. फाळक्यांवर लिहिणारे बहुतेक लोक या नावाचा उल्लेख करतात, पण एका ओळीत करतात आणि पुढे ‘लंकादहन’कडे वळतात. या चित्रपटाचा काही भाग आज आहे का, असेल तर किती फूट आहे, कोणाकडे आहे आणि बीड जिल्ह्यातल्या माणसाने तो कुठे जाऊन बघायचा, एवढं विचारण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. लिहिता लिहिता लक्षात आलं की प्रश्न एका चित्रपटाचा नाही, म्हणून ते खुलं केलं.

मी नारायणगडाच्या पायथ्याच्या गावात राहतो. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. फाळक्यांबद्दल शिकवताना वर्गातून हमखास प्रश्न यायचा, ‘सर, पहिला हसायचा पिक्चर कोणता? आपल्याला बघता येईल का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी काहीतरी देत असे. दुसऱ्याचं उत्तर माझ्यापाशी कधीच नव्हतं.

आज माझ्या गावातला कोणताही पोरगा मोबाइल काढून १८९५ सालचा एक फ्रेंच विनोदी चित्रपट बघू शकतो. लुई ल्युमिएरने केलेला तो चित्रपट एक मिनिटही चालत नाही. माळी बागेला पाणी घालतोय, एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो आणि माळी चिंब होतो. मग पोराची धरपकड आणि मार. एवढंच. पण मी तो शाळेत दाखवला तेव्हा पोरं हसून लोळली, कारण आमच्याकडे ठिबकच्या आणि पाइपच्या नळ्यांवर पाय देण्याचा हा खेळ दर उन्हाळ्यात चालतो. चॅप्लिनने १९१४ मध्ये कीस्टोन कंपनीत केलेल्या छोट्या चित्रपटांपैकी बहुतेक सगळे याच पद्धतीने बघता येतात. इंटरनेट अर्काइव्हवर ते फुकट आहेत. फ्रान्सचा माळी आणि कॅलिफोर्नियाचा चॅप्लिन नारायणगडापर्यंत पोहोचले, आणि दादरच्या फाळक्यांचा विनोद मात्र अजून पोहोचला नाही. हे मला मनापासून लागतं.

विनोद हा आपल्या चित्रपटाचा नंतर आलेला पाहुणा आहे, असं मानायची सवय आपल्याला लागली आहे. जुन्या जाहिराती वेगळं सांगतात. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याची टाइम्स ऑफ इंडियातली जाहिरात प्रसिद्ध आहे. मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी तो पाहिला, आता उरलेल्या निम्म्यांनी पाहावा, असं तीत म्हटलं होतं. त्याच जाहिरातीत खाली एक गुप्तहेरपट आणि नवे विनोदपट असल्याचंही छापलं होतं. पुढच्या वर्षी ३ मे १९१३ ला त्याच कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हाही त्या खेळात नाच होता, पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू होता आणि विनोदपट होते. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या पहिल्याच रात्री लोक हरिश्चंद्रासाठी रडले आणि त्याच तिकिटात हसलेही. ‘पुंडलिक’चं नाव मी मुद्दाम घेतो. नारायणगडाला आम्ही धाकटी पंढरी म्हणतो. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही ते हजारोंनी इथे येतात. विठ्ठलाला विटेवर उभं करणाऱ्या भक्ताच्या नावाने मराठी माणसाने चित्रण केलं, आणि त्याच्या शेजारी हसवणारी फिल्म दाखवली गेली, हे आमच्या गडावरच्या माणसाला सांगितलं तर त्याला त्यात वावगं काही वाटणार नाही. कीर्तनात बुवा आधी हसवतात आणि मग डोळ्यांत पाणी आणतात. पैठणच्या एकनाथांच्या भारुडात सोंग घेणारा माणूस शब्दांआधी अंगाने हसवतो. पैठण आमच्यापासून फार लांब नाही, आणि हे सगळं आमच्या हाडीमाशी मुरलेलं आहे. शब्दांवाचून हसायला आम्हाला वेगळं शिकावं लागणार नाही.

या छोट्या विनोदी चित्रपटांचं नुकसान सगळ्यात जास्त का झालं, याचा विचार तुम्ही रोज करत असाल. तरी मला दिसलं ते लिहितो. ते मोठ्या खेळाबरोबर भरतीला म्हणून लावले जात. जाहिरातीत त्यांची नावंसुद्धा नसत, नुसतं ‘विनोदपट’ लिहिलं की काम भागत असे. नाव नाही म्हणून परीक्षण नाही, परीक्षण नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून पुढे कुणी शोधायला निघालं नाही. एका रिळाचा ऐवज, तोही घासून घासून पुसट झालेला, तो कोण सांभाळणार? त्या काळच्या नायट्रेट फिल्ममध्ये चांदी असे, त्यामुळे जुनी रिळं चांदी काढून घेण्यासाठी विकली गेली. नायट्रेट पेटलं की स्वतःच प्राणवायू सोडतं, पाण्यानेही विझत नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेटच्या कोठाराला आग लागली तेव्हा किती गेलं, हे तुमच्या संस्थेपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार. मूकपटांच्या काळात भारतात तेराशेच्या घरात चित्रपट झाले, आणि पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून जेमतेम तीसेक उरले, असं अभ्यासक सांगतात. त्या तीसांत देवादिकांचे, राजांचे, संतांचे चित्रपट आहेत. हसवणाऱ्यांची जागा अगदी थोडी.

जे उरलं ते उरवणाऱ्या माणसाचं ऋण मान्य करून पुढचं लिहितो. पी. के. नायर १९६५ मध्ये, संग्रहालय सुरू होऊन वर्ष झालं तेव्हा, पुण्यात आले आणि १९९१ पर्यंत त्यांनी देशभर फिरून रिळं गोळा केली. फाळके कुटुंबीयांकडून त्यांनी मिळवलेल्या रिळांमुळे ‘कालिया मर्दन’ आज आपण बघू शकतो. माझं सगळ्यांना सांगणं आहे की फाळक्यांचा विनोद बघायचा असेल तर आधी हा १९१९ चा चित्रपट बघा. सुरुवातीलाच त्यांची सातेक वर्षांची लेक मंदाकिनी पडद्यावर एकामागून एक चेहरे करून दाखवते. राग, लाज, भीती, हसू. जणू बाप म्हणतोय, बघा माझी पोरगी काय काय करू शकते. मग तीच कृष्ण होते आणि खोड्या सुरू होतात. कालियाचा डोह प्रसिद्ध आहे, पण माझ्या डोळ्यांपुढून त्या खोड्याच जात नाहीत. ज्या माणसाला लहान मुलीच्या चेहऱ्यातला खट्याळपणा असा टिपता आला, त्याने ‘पिठाचे पंजे’मध्ये काय केलं असेल? त्याने स्वतःच्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ नावाचा जादूगार पडद्यावर आणला. देवांचे चित्रपट करणारा हा माणूस गमतीचाही भुकेला होता. आपण त्याचा एकच चेहरा जपला आणि तोच पुरस्काराला दिला.

पुरस्कारावरून आठवलं. १९७५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार धीरेंद्रनाथ गांगुली यांना मिळाला. त्यांच्याविषयी मराठवाड्यात फार कमी बोललं जातं, आणि खरं तर सर्वात जास्त इथेच बोललं जायला हवं. गांगुली शांतिनिकेतनात शिकले आणि हैदराबादला निजामाच्या कला महाविद्यालयात शिकवू लागले. वेगवेगळे वेष करून स्वतःचीच छायाचित्रं काढण्याचा त्यांना नाद होता, त्याचं पुस्तकही त्यांनी छापलं. १९२१ चा ‘बिलेत फेरत’ हा विनोदी मूकपट त्यांच्यामुळे गाजला. त्यात विलायतेहून परतलेल्या बंगाली बाबूची थट्टा होती. पुढच्याच वर्षी निजामाच्या आश्रयाने त्यांनी हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली आणि ‘लेडी टीचर’, ‘मॅरेज टॉनिक’ असे विनोदी चित्रपट केले. १९२४ मध्ये त्यांनी आपल्या थिएटरात रझिया सुलतानावरचा मुंबईत झालेला चित्रपट लावला. दिल्लीच्या राणीचं एका हिंदूवर प्रेम बसल्याची ती कथा. निजामाला ती खपली नाही आणि गांगुलींना राज्य सोडण्याचा हुकूम झाला. कंपनी बुडाली.

त्या वेळी बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता, सप्टेंबर १९४८ पर्यंत होता. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या राजधानीत विनोदी चित्रपट बनत होते. आमच्या गावातून हैदराबादेला कामाला, कोर्टकचेरीला, मुन्शीगिरीला गेलेल्या माणसांपैकी कुणी तरी ते पाहिले असतील. हा इतिहास आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीचाही नाही. मुंबई, कोल्हापूर, पुणे आणि नाशिक एवढ्यावरच मराठी माणसाच्या मूकपटाचा नकाशा संपतो. मराठवाडा त्यात नाही, कारण आम्ही तेव्हा दुसऱ्या राज्यात होतो. ही रेघ आता पुसायला हवी. लोटस कंपनीचं एखादं रीळ, एखादं चित्रपत्रक, थिएटरचं एखादं तिकीट कुठे असेल, तर शोधाची सुरुवात हैदराबादेइतकीच छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी आणि नांदेडच्या जुन्या घरांतूनही व्हायला हवी.

जे हातात आहे त्यातला एक चित्रपट मला आमच्या लोकांना खास दाखवायचा आहे. कालिपदा दास यांचा १९३१ चा ‘जमाई बाबू’. तो तुमच्या संग्रहात आहे, ही केवढी मोठी गोष्ट! खेड्यातला एक भाबडा तरुण कोलकात्यात सासरी येतो आणि शहर त्याला गरगर फिरवतं. चॅप्लिनची छाया त्यावर आहे, ती लपवायचाही कुणी प्रयत्न केलेला नाही. पण त्या निमित्ताने १९३१ चं कोलकाता आपल्याला दिसतं. आमच्या भागातली माणसं दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. कारखान्याच्या अड्ड्यावर, अनोळखी शहरात, भाषा न कळणाऱ्या बाजारात आपण कसे गोंधळतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्या तरुणाला बघून ती हसतील, आणि त्या हसण्यात त्यांना आपलं माणूस सापडेल. मूकपटाला मराठी, लमाणी, कन्नड, उर्दू सगळे सारखेच. तांड्यावरची आजी आणि गडावरचा टाळकरी एकाच वेळी हसतील. बोलपटाला हे कधीच जमलं नाही.

आता मागणं.

पहिलं आणि सर्वात निकडीचं म्हणजे यादी. भारतात बनलेल्या प्रत्येक ज्ञात मूकपटाची, आणि त्यातही एका-दोन रिळांच्या छोट्या विनोदी चित्रपटांची, सर्वांना बघता येईल अशी मराठीतली यादी आपण प्रसिद्ध करावी. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी हव्यात. उरला आहे की नाही, किती फूट उरला आहे, आणि कुठे बघायचा. ‘उरलेला नाही’ हे उत्तरसुद्धा उत्तर असतं. विद्यार्थ्याला ते मिळालं तर तो दहा ठिकाणी हेलपाटे घालणार नाही, आणि ज्याच्या माळ्यावर ते रीळ पडून आहे त्याला कळेल की आपल्याकडे काय आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हरवलेल्या हजारो मूकपटांची अशी यादी उघडपणे मांडली आहे. नुकसान कबूल करण्यात कमीपणा नसतो. मागे २०१० मध्ये चॅप्लिनचा ‘अ थीफ कॅचर’ मिशिगनमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका पेटीत सापडला. तो घेणारा माणूस त्यातला चॅप्लिन ओळखू शकला म्हणून कळलं. माहिती लोकांत असेल तरच ओळखणारी माणसं तयार होतात.

दुसरं म्हणजे हे चित्रपट मोकळे करावेत. आपल्या कायद्याने चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा. मूकपटांची ती मुदत केव्हाच संपली. ‘राजा हरिश्चंद्र’चे उरलेले भाग आज इंटरनेटवर फिरतात, पण पुसट, कापलेले, कुणीतरी मनाला येईल ते संगीत चिकटवलेले. २०२२ मध्ये चित्रपट जतनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. त्या कामाचं फळ चांगल्या प्रतीत, मराठी पाट्यांसह, कोणतंही शुल्क न घेता खेड्यातल्या मोबाइलवर दिसलं पाहिजे. डेन्मार्क आपल्या एखाद्या विभागाएवढा देश, पण त्याने आपले उरलेले मूकपट डिजिटल करून एका ठिकाणी सर्वांसाठी फुकट ठेवले आहेत. तिथल्या मुलाला आपल्या आजोबांचा विनोद बघायला राजधानीत जावं लागत नाही.

तिसरं मागणं ओळखपरेडीचं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या व्हर्जिनियातल्या केंद्रावर अनोळखी मूकपटांचे तुकडे लोकांपुढे लावत आणि प्रेक्षक अंधारातच ओरडून सांगत, हा नट अमका, ही गाडी अमक्या सालची, हा रस्ता अमक्या गावचा. असे अनोळखी तुकडे प्रत्येक संग्रहालयात असतात. आपल्याकडचे तुकडे पुण्यातच न ठेवता कोल्हापूर, नाशिक, बीड असे फिरवावेत. नऊवारीची नेसण, पागोट्याची बांधणी, बैलाची जात, विहिरीची मोट, देवळाचा कळस हे बघून म्हातारी माणसं गाव ओळखतील. पुण्यातल्या अभ्यासकाला जे कागदपत्रांतून शोधावं लागतं ते आमच्याकडचा ऐंशी वर्षांचा शेतकरी एका नजरेत सांगेल.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही एक विनंती. ज्यांच्या घरी पूर्वी तंबूतला सिनेमा होता, जत्रांतून खेळ लावायचा धंदा होता, त्यांनी माळ्यावरचे पत्र्याचे गोल डबे भंगारात देऊ नयेत. डबा उघडायचाच तर दिवा, विडी, चूल लांब ठेवून, मोकळ्या हवेत उघडावा. फिल्म चिकट झाली असेल, भुकटी पडत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ती उलगडू नये, उन्हात ठेवू नये, यंत्रावर लावण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये. डब्यावर जे काही लिहिलं असेल त्याचा फोटो काढून पुण्याला कळवावं. संग्रहालयानेही अशा माणसांसाठी एक फोन नंबर मोठ्या अक्षरांत मराठीत द्यावा, आणि रीळ दिलेल्या घराचं नाव चित्रपटाच्या पाटीवर घालावं. त्या मानासाठीच कित्येक जण डबा काढून देतील.

शेवटचं मागणं आमच्यापुरतं. येत्या आषाढीच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा आमची ऊसतोडीची माणसं घरी असतात, तेव्हा गडाच्या पायथ्याशी मूकपटांची एक रात्र करावी. ल्युमिएरचा माळी, चॅप्लिनचा एखादा १९१४ चा चित्रपट, ‘कालिया मर्दन’ आणि ‘जमाई बाबू’ एवढा कार्यक्रम पुरे. आणि ‘पिठाचे पंजे’चे चार फूट जरी असतील तरी तेही. शाळेचं मैदान आहे, वीज आहे, पडद्यासाठी खांब रोवायला गावची पोरं आहेत. संगीताची काळजी करू नका. त्या काळी थिएटरात तबला आणि पेटी वाजायची, आमच्याकडे पखवाज आणि पेटीवाले घरटी सापडतील. पाट्या मोठ्याने वाचून दाखवायला माणूस लागायचा, तोही आमच्याकडे आहे. भारुड करणाऱ्या बुवांनी ते काम आधीच मान्य केलं आहे. तारीख तुम्ही कळवा. पावसाळ्याचे दिवस असतील, म्हणून यंत्रावर घालायला ताडपत्री आम्ही आणू.

आपला,
नारायणगडाच्या पायथ्याचा एक निवृत्त शिक्षक